कलशातला देव आणि झोपलेला दावा

आमच्या घरचा देव काही वर्षं पाण्यात राहत होता. पुण्याकडच्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते हसून विचारतात, "कशासाठी देव पाण्यात घातले होते?" मी म्हणते, घातला नव्हता हो, राहत होता. तांब्याच्या कलशात, वर नारळ, गळ्याला पांढरा दोरा. घराच्या मधल्या अंगणातून कवडसा येऊन त्या कलशावर बसे आणि दुपारपर्यंत हळूहळू खाली उतरे. कुंभकोणमच्या घरातले ते दिवस आठवले की मला आधी तो कवडसाच दिसतो, माणसं मागून येतात.

माणसं तरी किती? वडील म्हणजे अप्पा, माझी थोरली बहीण अक्का आणि मी. आई मला आठवत नाही. मला अक्कानेच वाढवलं, आणि माझी वेणी ती इतकी घट्ट घाली की दिवसभर माझे डोळे वर ओढलेले असत. अप्पा देवळांच्या रथांसाठी तोंबै शिवत. तोंबै म्हणजे रथाला चहूबाजूंनी लोंबणाऱ्या रंगीत कापडाच्या लांब नळ्या. त्यांवर कापडाचेच मोर, कमळं, यक्ष जोडलेले असतात. आमच्या ओसरीवर सदा लाल आणि पिवळ्या चिंध्यांचा ढीग असे. दुपारी मी त्यात झोपे आणि उठले की गालाला यक्षाचा कान चिकटलेला असे.

आमचे पूर्वज तंजावरच्या मराठा राजांबरोबर इकडे आले तेव्हा एका पडशीत विठोबाची वीतभर उंचीची पंचधातूची मूर्ती घेऊन आले. राजे गेले, राज्य इंग्रजांनी खालसा केलं, विठोबा मात्र कमरेवर हात ठेवून आमच्याकडे उभा राहिला. रोजच्या अभिषेकाने म्हणा, पिढ्यांच्या घासण्याने म्हणा, त्याच्या डाव्या कोपराला एके वर्षी चीर गेली. भंगलेल्या मूर्तीची पूजा करायची नाही, आणि दुरुस्त करायची तर देवाच्या अंगावर छिन्नी कशी चालवायची? त्यावर आमच्याकडे रीत आहे. मठाचे बुवा आले, मंत्र म्हणून त्यांनी मूर्तीतला देव कावेरीच्या पाण्यात उतरवला, ते पाणी कलशात भरलं आणि रिकामी मूर्ती कापडात गुंडाळून अप्पांच्या हाती दिली.

"जिकडे पाणी तिकडे देव," बुवा म्हणाले. "कलश सुकूं द्यायचा नाहीं. आणि देव परत मूर्तींत जाईपर्यंत घरांत मंगलकार्य नक्को. पाहुण्यासारखा बसला अहे तो. त्याच्या डोक्यावर मांडव घालूं नये."

अप्पांनी मान हलवली. अक्काचं लग्न तंजावरच्या एका छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुलाशी ठरलेलं होतं, पण कोपर डागायला असे किती दिवस लागणार? मूर्ती स्वामीमलैला गेली. तिथल्या एका कारखान्यात मेणाचे साचे करून देव ओततात. कलशाची राखण अक्काकडे आली. रोज पहाटे ती नारळ उचलून घोटभर कावेरीचं पाणी आत घाली आणि पुन्हा नारळ ठेवी.

आणि तिथूनच सगळं बिनसलं. मद्रासमधल्या एका जर्मन पेढीने त्या कारखान्याकडे समया आणि मूर्ती मागवल्या होत्या. त्यावरून दोघांचं फाटलं आणि पेढीने आमच्या गावच्या कोर्टात दावा लावला. कारखान्याने माल परस्पर दुसऱ्याला देऊ नये म्हणून कोर्टाने निकालाआधीच जप्ती काढली. बेलिफ आला आणि शेडमध्ये जे जे पितळेचं, काशाचं, पंचधातूचं दिसलं ते गाडीत घालून घेऊन गेला. त्यात कापडात गुंडाळलेला आमचा विठोबाही गेला.

अप्पांनी अर्ज केला, की त्या ढिगातली एक मूर्ती आमची आहे, घरच्या पूजेतली आहे. आमचे वकील शेजारच्याच गल्लीत राहत, तमिळच बोलत. मी त्यांचं बोलणं मराठीत सांगते. ते निवांत होते. "पूजेतला देव जप्त करता येत नाही. कायदाच आहे. तुम्ही फक्त सांगा, हा आमचा देव आहे. उद्या संध्याकाळी घरी घेऊन या."

दुसऱ्या दिवशी अप्पा शपथेवर उभे राहिले. आमचा देव आहे, पिढ्यान्‌पिढ्या पूजा चालली आहे, सगळं नीट सांगितलं. मग पेढीचा वकील उठला. तो कावेरीकाठचाच, त्याला आमच्या रीतीभाती ठाऊक. त्याने एकच प्रश्न विचारला, "जप्तीच्या दिवशी त्या मूर्तीत देव होता का?"

आमच्या वकिलांनी म्हणे अप्पांकडे असं पाहिलं, असं पाहिलं, की दगडालाही कळलं असतं. एक "होय" म्हणायचा अवकाश, विठोबा घरी आला असता. पण अप्पा म्हणाले, "नाही साहेब. देव घरी होता. कलशात."

कोर्ट हसलं. मुन्सिफसाहेब हसले नाहीत. त्यांनी लिहून घेतलं की अर्जदाराच्याच सांगण्याप्रमाणे सदर वस्तू त्या दिवशी देव नव्हती, धातू होती. आणि शेडमधला कुठला धातू कोणाचा हे मूळ दाव्यात ठरेल. पुढली तारीख पडली.

घरी येऊन वकिलांनी कपाळावर हात मारून घेतला. अप्पा ओसरीवर बसून एका मोराला डोळा शिवत होते. म्हणाले, "तो घरीं बसून ऐकत होता. त्याच्यापुढें येऊनश्यान मीं काय तोंड दाखवणार होतों?"

ती तारीख आलीच नाही. आषाढ-श्रावणातला आडी महिना होता, कावेरी दोन्ही थड्या भरून चालली होती, बाया नदीला हळदीचा दोरा आणि काळे मणी वाहत होत्या, आणि त्या गर्दीत कोणीतरी म्हणालं की इंग्रजांची जर्मनांशी लढाई लागली. मला त्या शब्दाचा काहीच अर्थ लागला नाही. पाण्यावरून पिवळी फुलं वाहत होती. लढाई ती फुलं जातात तिकडे, समुद्रापलीकडे कुठेतरी असेल, असं वाटून मी त्यांच्याकडे बघत राहिले.

पण लढाई थेट आमच्या देव्हाऱ्यापर्यंत आली. वकिलांनी ती आम्हाला समजावून सांगितली तेव्हा मी खांबाला टेकून ऐकत होते. सरकारचा हुकूम निघाला होता, की शत्रूशी कसलाही व्यवहार करायचा नाही. त्याला काही विकायचं नाही, त्याचं काही घ्यायचं नाही, त्याच्या हाती काही जाऊ द्यायचं नाही. आणि शत्रूला सरकारच्या कोर्टात उभं राहून दाद मागता येत नाही. वादी जर्मन, म्हणजे दावा तहकूब.

"म्हणजे दावा मेला?" अप्पांनी विचारलं.

"मेला असता तर बरं होतं. झोपला आहे. तह होईपर्यंत झोपणार."

"मग आमची मूर्ती द्या म्हणावं."

"मूर्ती तुमची की पेढीची हेच तर दाव्यात ठरायचं आहे. पेढीची असली, तर ती शत्रूची मालमत्ता. सरकारच्या परवान्याशिवाय हलवता येत नाही. तुमची असली तर लगेच देतील. पण कोणाची ते ठरवायला पेढीचं ऐकावं लागेल, आणि तिचं ऐकायला मनाई आहे."

शत्रूच्या मालमत्तेवर नेमलेल्या मद्रासच्या अंमलदाराकडे अर्ज गेला. उत्तर आलं, की प्रकरण कोर्टात आहे, कोर्टाला विचारा. कोर्टाला विचारलं. कोर्ट म्हणालं, प्रकरण तहकूब आहे, अंमलदाराला विचारा. पेढीच्या साहेबाला तर पकडून अहमदनगरला नेऊन ठेवलं होतं. मला याची अजून गंमत वाटते. आमच्या वाडवडिलांचा मुलूख आमच्यापैकी कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, आणि तो जर्मन मात्र तिथे आयता जाऊन बसला. विठोबा इथे कोर्टाचा जप्तीचा माल सांभाळणाऱ्या नाझराच्या खोलीत.

त्या खोलीला रस्त्याच्या बाजूने गजांची खिडकी होती. देवळाला जाताना मी टाचा उंचावून आत बघे. समयांच्या गर्दीत, कमरेवर हात ठेवून, डाव्या कोपराला चीर, चेहऱ्यावर धूळ, असा तो उभा दिसे. कोर्टाचा शिपाई एकादशीला गजांतून एक झेंडूचं फूल आत टाकी. येणारेजाणारे पक्षकारही हात जोडत, आमच्या दाव्याचं बघ म्हणत. अप्पा मात्र तिकडे बघतही नसत. त्यांनी शपथेवर सांगितलं होतं ना, की त्यात देव नाही! मग हात जोडायचे कोणाला?

मंगलकार्य मात्र अडलं ते अडलंच. आमच्याकडे लग्नाचे महिने ठरलेले, आणि त्यातला संक्रांतीला लागणारा तै मोठा. एक तै गेला. दुसरा गेला. आजूबाजूच्या घरांवर केळीचे खांब लागत, नादस्वरम् वाजे, आणि अक्का पहाटे उठून नारळ उचलून घोटभर पाणी घाली. ती पाण्याशी बोलत असे. काय बोले ते मला कधी ऐकू आलं नाही. अर्धवट झोपेत फक्त तिचा गुणगुणता आवाज आणि पाणी पडल्याचा आवाज येई, आणि त्यातला कुठला कोणाचा ते कळत नसे. कधी मी जाऊन आत डोकावे. त्या इवल्या गोल पाण्यात घराचं कौलारू टोक आणि आभाळाचा तुकडा हलत असे. देव असाच दिसत असणार, असं मला तेव्हा खरंच वाटे.

मोठीचं झाल्याशिवाय धाकटीचं नाही, त्यामुळे माझाही राग वाढत होता. मी म्हणे, "अक्का, तो जर्मन राजा हरला का नाहीं अजून? विचार ना तुझ्या पाण्याला." ती म्हणे, "त्याला लढाईचं काय कळतंय गे? तो विटेवर उभा राहाणारा."

मग तंजावरहून मुलाच्या आईचा निरोप आला. बाई वाईट नव्हती. मुलगा म्हणे अजूनही थांबायला तयार होता. पण ती किती वर्षं लोकांना काय काय सांगणार? या तैला लग्न झालं तर झालं, नाहीतर आम्ही मोकळे, तुम्ही मोकळे. तोवर अक्काचं वय असं झालं होतं की विहिरीवर बायका तिला बघून गप्प होत. अप्पा बुवांकडे गेले. बुवा म्हणाले, "मूर्ती आणा, त्याच दिवशीं मांडव घाला." अप्पा वकिलांकडे गेले. वकील म्हणाले, तह होऊ दे. अप्पा घरी येऊन सुईत दोरा ओवत बसले आणि तो दोरा काही ओवला जाईना. त्या संध्याकाळी अक्का नुसती त्यांच्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगलं लख्ख उजाडल्यावर, अप्पा देव्हाऱ्यापाशी गेले आणि तिथेच उभे राहिले. नारळ बाजूला ठेवलेला. कलश कोरडा.

"पाणी काय झालं?"

अक्का अंगणात तुळशीपाशी उभी होती. न्हालेली, ओल्या केसांची. म्हणाली, "मीं प्याले."

मला वाटलं, आता घर कोसळतं. मी धावत जाऊन बुवांना घेऊन आले. बुवांनी कलश उचलून आत पाहिलं.

"सगळं?"

"सगळं."

"एक थेंबही नाहीं उरला?"

"उपडा करूनश्यान पाहा," अक्का म्हणाली. ती मागे सरली नाही. "तुम्हींच म्हणालांत, जिकडे पाणी तिकडे देव. कोर्टांत आम्हांला कोण्ही ऐकत नाहीं. मद्रासला ऐकत नाहीं. तह कधीं होणार तें इंग्रजाला माहीत नाहीं. मीं काय करूं? त्याला विचारलं रोज. मग प्याले."

बुवा खाली बसले. म्हातारे होते, डोळे मिटले की झोपले की काय वाटे. मग ते उठले आणि माझ्या अक्कासमोर त्यांनी सरळ हात जोडले. म्हणाले, "देव आतां कलशांत नाहीं. घरांत पाहुणाही नाहीं. चालतो बोलतो अहे. मांडव घाला."

अप्पांनी काय केलं ते मला आजही नीट आठवतं. आत गेले, नैवेद्याची वाटी घेऊन आले आणि ती कलशापुढे न ठेवता अक्कापुढे ठेवली. अक्का रडायला लागली आणि रडत रडत तो दहीभात खाल्ला.

त्यानंतर लग्नापर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. केळं आधी अक्काला, फूल आधी अक्काला. देव झालेल्या बहिणीशी भांडताही येत नाही. एकदा मी चिडून तिची वेणी ओढली तर अप्पा म्हणाले, "हळू गे, हळू," आणि मला कळेना की ते तिला जपताहेत का त्याला.

तैमध्ये लग्न झालं. तंजावरची माणसं गाडीत बसली, अक्का खिडकीशी बसली. गाडी हलली आणि अप्पा फलाटावर तिच्याबरोबर चालू लागले. आधी हळू, मग धोतर सावरत भराभर. सगळेच बाप थोडं चालतात. पण अप्पा फलाट संपेपर्यंत गेले, आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून मला एकदम उमगलं की मुलीबरोबर देवही घरातून गेला.

पहिली एकादशी आली तशी त्यांनी सकाळी अंघोळ केली, काळी छत्री घेतली आणि ते स्टेशनाकडे निघाले. लेकीच्या सासरी बापाने असं वारंवार जायची आमच्यात पद्धत नाही, तिथलं पाणीही पीत नाहीत. पण हे दर्शनाला जात होते, त्यांना कोण अडवणार? ते दाराबाहेरच उभे राहत. अक्का आतून येई. अप्पा हात जोडत. ती त्यांच्या तळहातावर तुळशीचं पान ठेवी. मग ते विचारत, "बरी अहेस?" ती म्हणे, "बरी अहे अप्पा." झालं. पुढच्या गाडीने परत. दर एकादशीला, उन्हात, पावसात. अक्काच्या सासूबाईही तिला कधी टाकून बोलल्या नाहीत. पोटात विठोबा असलेल्या सुनेला बोलायचं तरी काय?

लढाई थांबली. गावात साखर वाटली. मी वकिलांकडे गेले तर ते म्हणाले, "थांबली आहे, संपली नाही. तहावर सह्या होईपर्यंत कायद्याने शत्रू तो शत्रूच." पुढे कधीतरी सह्याही झाल्या आणि आमच्या गावच्या कोर्टात तो दावा जागा झाला. तीन वेळा पुकारा झाला. पेढी राहिली नव्हती, साहेब कुठे गेला कोणाला माहीत नाही. वादी गैरहजर म्हणून दावा निकालात निघाला, आणि नाझराने विठोबा अप्पांच्या ओंजळीत दिला. कारखान्याने कोपर डागून दिलं. मूर्ती घासूनपुसून देव्हाऱ्यात उभी राहिली. आता अक्काला बोलवायचं, तिच्या ओंजळीतलं पाणी मूर्तीवर सोडायचं, की देव घरी आला.

बुवांनी दिवस काढला. अप्पा म्हणाले, आडी आहे, शुभकार्य नको. मग ग्रहण आलं. मग मार्गळीचा महिना, तोही वर्ज्य. मग अक्काला दिवस गेले. मग बाळ लहान होतं. वकील दारावरून जाताना हसून म्हणत, "काय, कोर्ट जागं झालं आणि आता तुम्हीच तहकुब्या घेताय?" अप्पा मान खाली घालून शिवत. माझं लग्न तोवर झालं होतं. आम्हाला भाऊ नव्हता, म्हणून नवरा घरजावई होऊन याच घरात आला, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललेलं.

दुसऱ्या बाळंतपणाला अक्का आली तेव्हा नेमकी एकादशी आली. तिने मलाही विचारलं नाही. न्हाऊन, तुळशीपाशी ओंजळ भरून ती देव्हाऱ्यासमोर आली. अप्पा ताडकन उठले आणि त्यांनी तिच्या ओंजळीखाली आपले दोन्ही हात धरले.

"आज नक्को," ते म्हणाले.

"कां अप्पा? मूर्ती बरी झाली. तो किती वर्षं माझ्यापाशीं राहील?"

कोर्टात खोटं बोलता न आलेला माणूस घरात तरी कसा बोलणार? अप्पा म्हणाले, "मग पुढल्या एकादशीला मीं काय म्हणून येऊं गे तुला बघायला?"

अक्काने ते पाणी तुळशीत सोडलं. मूर्ती तशीच राहिली. अप्पा रोज तिची धूळ पुसत, पण फूल वाहत नसत; आणि एकादशीला छत्री घेऊन निघत.

अप्पा गेले त्यानंतरच्या पहिल्या एकादशीला अक्का तंजावरहून आली. तिने मूर्तीवर ओंजळ सोडली, ओली बोटं त्या जुन्या चिरेवरून फिरवली आणि म्हणाली, "राहा आतां इथें." मग पदराने डोळे पुसले आणि परतीची गाडी पकडली. मला वाटलं, संपलं.

पुढच्या एकादशीला सकाळी दार वाजलं. बाहेर अक्का उभी होती, हातात अप्पांची काळी छत्री. "दर्शनाला आले," ती म्हणाली. मी तिच्या हातावर तुळशीचं पान ठेवलं आणि विचारलं, "बरी अहेस?"